टेबलाखालची डिक्शनरी

बॉस अचानक मागे येऊन उभा राहिला, की मोबाईलवरचं कोणतं ॲप तुम्ही सर्वांत आधी बंद करता? शॉपिंगचं? डेटिंगचं? की 'कांदेपोहे' स्पेशल मॅट्रिमोनीचं? माझं उत्तर ऐकून हसू नका हं. डिक्शनरीचं!

खरंच सांगते. मॅचचा स्कोअर बघताना पकडलं गेलं तर दात काढायचे, विषय संपला. पण मीटिंगमध्ये कुणीतरी 'कॅव्हिॲट' असा काहीतरी शब्द टाकला आणि तो आपण गुपचूप शोधतोय हे शेजारच्याने पाहिलं, की कान गरम होतात. दहावीपर्यंत मराठी मीडियम, तेही साताऱ्यात. मग पुण्यात मास कॉम. माझ्यासारखे कित्येक जण हिंजवडीपासून खराडीपर्यंत पसरलेत. सगळ्यांचा मोबाईल टेबलाखाली, स्पीकर म्यूटवर. म्यूट फार महत्त्वाचं! एकदा विसरले, तर भर मीटिंगमध्ये माझ्या मांडीतून एक ब्रिटिश बाई खणखणीत आवाजात 'इपिटमी' म्हणाली. (त्या दिवसापर्यंत मी तो शब्द 'एपिटोम' असा म्हणत होते. म्हणजे बाईचे उपकारच.)

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कंपनीच्या इन-हाऊस मॅगझिनचं काम माझ्याकडे होतं. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतले साहेब. मी हिंमत करून एक आयडिया मांडली. बाळंतपणासाठी नोकरी सोडून, चार-पाच वर्षांनी पुन्हा कामावर आलेल्या बायकांच्या मुलाखती. साहेब हसले, छान म्हणाले आणि पुढे म्हणाले, ''लेट्स टेबल इट.''

टेबल? हा शब्द तर पहिलीपासून येतो! पण क्रियापद म्हणून? मोबाईल टेबलाखाली, आणि त्यात मी शोधतेय टेबल. पहिला अर्थ सापडला: चर्चेसाठी मांडणे. मनात म्हटलं, बरोबर, पेपरात नाही का येत, सभागृहात विधेयक टेबल केलं वगैरे. पुढे स्क्रोल करायची गरजच वाटली नाही. शिवाय समोरचे लोक माझ्याकडेच बघत होते.

झालं! दोन रात्री जागून चौदा स्लाइड्स केल्या. तिघींना फोन केले. तिघीही आधी 'माझं काय छापायचं' म्हणाल्या आणि मग तासतासभर बोलल्या. एकीने तर फोटोसाठी कोणती साडी नेसू, हे विचारून ठेवलं. पुढच्या कॉलला मी स्क्रीन शेअर केली आणि पलीकडे शांतता. मग साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले, हे तर आपण टेबल केलं होतं ना?

अमेरिकन इंग्रजीत 'टेबल करणे' म्हणजे विषय बाजूला ठेवणे. ब्रिटिश इंग्रजीच्या बरोब्बर उलटं! आपण भारतीय या बाबतीत ब्रिटिशांच्या वळणावर. माझ्या ॲपमध्ये दोन्ही अर्थ होते. एकापुढे बारीक अक्षरात यूके, दुसऱ्यापुढे यूएस. दुसरा फक्त बोटभर खाली होता.

मागाहून कळलं, की या शब्दाने भल्याभल्यांना दमवलंय. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हाच घोळ नोंदवलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले 'टेबल करू'. अमेरिकनांना वाटलं, हे कागद दडपायला निघालेत. दोघांचं म्हणणं एकच आहे हे लक्षात येईपर्यंत चांगलीच जुंपली. वाचून जरा बरं वाटलं. पण चर्चिलना त्या तिघींना फोन करावा लागला नव्हता. साडीवालीने ''असू दे गं, त्यात काय'' म्हटलं, ते आजही आठवतं.

तेव्हापासून मी डिक्शनरी शेवटपर्यंत वाचते. शब्दापुढची ती बारकी लेबलं, फॉर्मल, इनफॉर्मल, यूके, यूएस, ही आधी बघते, अर्थ नंतर. उदाहरणाची वाक्यं तर अर्थापेक्षाही कामाची, कारण शब्द कुणासोबत उठतो-बसतो ते तिथेच कळतं. क्लायंट अमेरिकन असेल तर मेरियम-वेबस्टरही उघडते, तो तिकडच्याच घराण्यातला.

आणि एक. आपण बहुतेक जण चुकीची डिक्शनरी डाउनलोड करतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांच्यासाठी केलेल्या डिक्शनरीत एका अवघड शब्दाचा अर्थ आणखी दोन अवघड शब्दांत मिळतो. आपल्यासाठी 'लर्नर्स' डिक्शनरी असते. अशी एक डिक्शनरी घडली जपानमध्ये! ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज मास्तर तिथे इंग्रजी शिकवत. परक्या विद्यार्थ्याला नेमकं काय अडतं, हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांची डिक्शनरी १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' तिचीच वंशज. पुढे १९७८ मध्ये लाँगमनने सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांत बसवून दाखवले. म्हणजे ही पुस्तकं मुळात आपल्यासारख्यांसाठीच लिहिली गेली. मग लपवायचं कुणापासून?

(जाता जाता: 'प्रीपोन' म्हटल्यावर ऑफिसात कुणी हसलं, तर त्याला ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत तो शब्द दाखवा. भारतीय इंग्रजी असं लेबल लावून, पण आहे! माझा स्कोअर १-०.)

ॲपवर आंधळा भरवसा मात्र नको. मॅकमिलनने २०१२ मध्ये जाहीर केलं, की आता कागदी डिक्शनरी बंद, सगळं ऑनलाइन. २०२३ मध्ये ती ऑनलाइन डिक्शनरीही बंद झाली. बाबांनी मी आठवीत असताना आणलेली, खाकी कव्हरची जाडजूड डिक्शनरी अजून साताऱ्याच्या घरी आहे. तिला चार्जिंग लागत नाही.

पण तिच्यात एक गोष्ट नव्हती. हिस्ट्री! ॲप सगळं लक्षात ठेवतं. कधी काय अडलं, त्याची साद्यंत यादी. गेल्या महिन्यात माझ्या एडिटरने, कॉन्व्हेंटची, इंग्रजीत स्वप्नं पाहणारी, काहीतरी शोधायला माझा फोन घेतला. सर्चमध्ये बोट ठेवलं, आणि धाडधाड सगळी कुंडली खाली उतरली. कॅव्हिॲट, कॅडन्स, इपिटमी, टेबल, टेबल, पुन्हा टेबल.

तिने माझ्याकडे पाहिलं. ''टेबल?''

मग सांगितली सगळी स्टोरी. चौदा स्लाइड्स, साडी, सगळं. शेवटी म्हटलं, ''मॅम, इतकी ओशाळले ना मी तेव्हा...''

''वेट. ओशाळले म्हणजे? एम्बॅरस्ड?''

''हो... म्हणजे तेवढंच नाही.''

''मग अशेम्ड?''

''तेही नाही हो.''

मधलं काहीतरी. पकडलं गेल्यावर माणूस आतून एक साइझ लहान होतो, ते. माझ्या इंग्रजी ॲपकडे अर्थातच उत्तर नव्हतं. मग मोल्सवर्थ काढला. त्या साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आला, १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, आणि आता तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. 'णें'वर अनुस्वार असलेली जुनी मराठी. एका फोनवर दोन डोकी, आणि फोन या वेळी टेबलाच्या वर.

ती बराच वेळ वाचत राहिली. आजूबाजूचे शब्दही वाचून काढले.

मग म्हणाली, ''अगं, हे सेव्ह कसं करायचं?''