घरातलं विज्ञान : मुलीला दुर्बीण घेऊन द्यावी का?

मैत्रिणींनो, द्रोणागिरीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी सातवीत आहे आणि वाढदिवसाला दुर्बीणच हवी म्हणून हटून बसली आहे. बाईंचे प्रश्न दोन. बंदराचे दिवे रात्रभर जळत असताना इमारतीच्या गच्चीवरून काही दिसेल का, की पैसे पाण्यात जातील? दुसरा प्रश्न जरा नाजूक. मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे. सासूबाई म्हणतात, "आधीच मंगळाची पोर, त्यात शनीला डोळा लावून बसायचं?" हे प्रश्न एकाच घरातले नाहीत, म्हणून उत्तर इथेच देते.

आधी दुर्बीण करते काय, ते पाहू. तिचं पहिलं काम उजेड गोळा करण्याचं. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातीत पाणी जास्त साठतं ना? तसंच हे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. दुर्बिणीचं पुढचं भिंग ७० मिलिमीटर रुंद असेल, तर ते डोळ्याच्या शंभर पट उजेड घेतं. त्या उजेडाची नळीच्या मागच्या टोकाशी एक छोटी उलटी प्रतिमा तयार होते आणि डोळ्यापाशी असलेलं लहान भिंग ती मोठी करून दाखवतं. तेव्हा चित्र उलटं दिसलं तर दुर्बीण बिघडली असं समजू नका.

दुसऱ्या प्रकारात पुढच्या भिंगाऐवजी तळाशी अंतर्गोल आरसा असतो. अशी २० इंची आरशाची दुर्बीण आपल्या पुण्यातही होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली तिथल्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगमवाला ती सांभाळत. १९१२ साली ती बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आता खरेदीचं. किती पट मोठं दिसेल याचा हिशेब सोपा आहे. मोठ्या भिंगाच्या नाभीय अंतराला लहान भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचं. ७०० ला २५ ने भागलं की २८ पट, १० ने भागलं की ७० पट. खोक्यावर '५०० पट' छापलेलं असेल तर भुलू नका. ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४० पटींच्या पुढे ताणलं, तर चित्र मोठं होतं पण धुरकट. दुकानात आधी भिंगाची रुंदी विचारा, मग तिपाई हलवून पाहा. तिपाई डगमगणारी असली, तर ग्रह नजरेत ठरणारच नाही.

बंदराच्या दिव्यांनी आकाशगंगा पुसली जाते हे खरं, पण ग्रह तेजस्वी असतात. त्यांना अंधारं रान लागत नाही. गच्चीवर दिव्यांकडे पाठ होईल असा कोपरा धरा. पावसाळ्यात आशा नको, दसऱ्यानंतर आकाश निवळतं.

पहिल्या रात्री चंद्र दाखवा. पौर्णिमेचा नको, अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे खड्ड्यांच्या सावल्या उठून दिसतात. शुक्राची चांदणी दुर्बिणीतून पाहिली की चंद्रासारखी कधी कोर, कधी अर्धी दिसते. गुरूच्या शेजारी एका ओळीत चार ठिपके असतात, ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले. मुलीला वहीत रोज त्यांच्या जागा काढायला सांगा. आठ दिवसांत ते गुरूभोवती फिरतात, हे तिला कुणी न सांगता कळेल.

शनीची कडी तीसेक पटींतही ओळखू येतात. ती आहेत बर्फाच्या आणि दगडांच्या असंख्य तुकड्यांची. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याकडे कड करून होती, त्यामुळे दिसेनाशी झाली होती. मंगळ मात्र लहान दुर्बिणीत निराश करतो, नुसती नारिंगी टिकली दिसते. दर सव्वीस महिन्यांनी तो पृथ्वीच्या जवळ येतो, तेव्हा बघावा. त्याचा लाल रंग विळीवर चढतो त्या गंजाचाच, म्हणजे लोखंडाचा.

आता सासूबाईंचा मुद्दा. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच. अशा तीन राशी मिळून साडेसाती. याचा अर्थ, बारांतल्या तीन राशींना ती कधीही चालूच असते, घरटी एकाला तरी! मंगळाचंही तेच. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की दोष मानतात. बारांतली पाच स्थानं झाली, म्हणजे शंभरात चाळिसांहून अधिक पत्रिका. एवढ्या मुली आणि मुलगे अपशकुनी कसे असतील?

डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर विशेष मुलांच्या पत्रिका जमवून कोणती कुणाची हे ज्योतिषांना ओळखायला दिलं होतं. २००९ साली निकाल छापून आला. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं, तरी निम्मी बरोबर आली असती.

आणि मुलीला हेही सांगा. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचं यान मंगळाभोवती फिरू लागलं. त्या मोहिमेत रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित अशा स्त्रिया होत्या. मंगळाशी यांच्याइतका संबंध कुणाचा आला असेल?

तेव्हा बाई, दुर्बीण जरूर घ्या. दोन गोष्टी मात्र सांभाळा. सूर्याकडे ती कधीही वळवू द्यायची नाही. क्षणात डोळा जाईल. दिवसा ती झाकण लावून आत ठेवा. आणि आपल्याकडची खारी हवा भिंगावर बुरशी आणते, म्हणून औषधांच्या बाटलीत येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटीत ठेवा. भिंग पदराने पुसू नका, चरे पडतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. शनी लावून झाला की खुर्ची ठेवा आणि पहिला मान त्यांना द्या. नातीलाच सांगू दे, आजी, ही कडी बघ. पत्रिकेतला मंगळ मुलीच्या मनात मात्र राहू देऊ नका. स्थळं बघायची वेळ येईल तेव्हा हा पाच-बाराचा हिशेब तिच्यापाशी आणि तुमच्यापाशीही असू द्या.