बहिणींच्या सह्या मागायच्या नाहीत

बाबा नव्वदीचे होऊन गेले. शेवटच्या पावसाळ्यातही बांधावर बसून आवणीच्या बायांना ‘रोप दाट लावू नका गं’ म्हणून सांगत होते! धसईच्या भातशेतीच्या चार तुकड्यांवर त्यांनी आम्हा तिघांना वाढवलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात चिखलणी, दिवाळीला कापणी-झोडणी. ते संपलं की पेंढा घेऊन मुरबाडला. नवा सदरा शिवला तो फक्त आमच्या लग्नांत. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून धसईचं नाव गाजलं, तेव्हा हसून म्हणाले, ‘‘आपण तर जन्मभर कॅशलेसच!’’

तेराव्याला एका नातेवाइकाने हक्कसोडीचा विषय काढलाच. ‘‘बहिणी काय, सही देतीलच.’’ माझा हात खरंच पेनाकडे गेला होता. माहेर तुटायला नको ना! पण दादा म्हणाला, ‘‘बाबांनी बजावलंय, बहिणींच्या सह्या मागायच्या नाहीत. चिखलात पोरीपण वाकल्यात.’’ मला रडूच कोसळलं.

मैत्रिणींनो, २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो बुडत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. तरी आपण साडीचोळीवर सही करून मोकळ्या होतो. सगळ्याच बहिणींना असा दादा नसतो. म्हणून वडील हयात असतानाच हा विषय घरात बोला. सही मागून जपलेलं माहेर, ते कसलं माहेर?