गाडी बदलता बदलता नागपूर

नागपुरात गाडी बदलायला दोन तास मिळाले, की बेसा भागातले नातेवाईक हमखास चहाला बोलावतात. प्रेमाने नकार द्यावा. सगळा वेळ वर्धा रोडच्या गर्दीतच जायचा. त्यापेक्षा सामान क्लोकरूममध्ये ठेवून पश्चिमेच्या दाराने पायी निघावे. आधी वळून 1925 साली खुली झालेली दगडी स्टेशन इमारत पाहावी. घाईत तिच्याकडे कोण बघतो? पुढे झिरो माइलचा खांब, चार घोडे आणि गावांची अंतरे कोरलेला दगड. समोरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले, हरले. किल्ला आज लष्कराकडे. आत जाता येते ते 26 जानेवारी, 15 ऑगस्टसारख्या मोजक्याच दिवशी. एरवी पायथ्यावरून पाहून बर्डीवर तर्री-पोहे खावेत.