कमिशनिंग म्हणजे कमिशन नव्हे

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. पण गेल्या महिन्यात भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली आणि तेव्हापासून डोकं जे तापलंय ते लिहिल्याशिवाय थंड होणार नाही. नातेवाईक मंडळींनी यात जेवणाचं वर्णन शोधू नये. अळूची भाजी उत्तम होती, एवढं नोंदवतो आणि पुढे जातो.

तर, अकरावा मजला. जेवणं उरकली आणि वीज गेली. खाली जनरेटर धडधडत सुरू झाला, जिन्यातले दिवे लागले, लिफ्ट मात्र ढिम्म. आत्याचं वय ७८, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तिला घरी जायची घाई. वॉचमन म्हणाला, "काका, जनरेटरवर लिफ्टला पावर पुरत नाही. पहिल्यापासून असंच आहे." आत्या सव्वा तास वर अडकून बसली आणि सगळ्यांनी ते गृहीतच धरलं. वीज गेली की लिफ्ट बंद, त्यात काय एवढं?

तीस वर्षं इमारतींतले पंप, पंखे, एसी बसवण्यात घालवल्यामुळे मला काही बसवेना. एवढं मोठं धूड खाली धडधडतंय आणि लिफ्टला पुरत नाही? लिफ्टच्या पॅनलवर बघितलं तर फेज उलटी असल्याची खूण. यातलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: थ्री फेज मोटर कुठल्या दिशेनं फिरणार हे तीन वायरींच्या क्रमावर ठरतं. त्यातल्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या की मोटर उलटी फिरते. बाहेरून येणाऱ्या विजेचा क्रम बरोबर होता, जनरेटर जोडताना कुणीतरी तो उलटा केला होता. लिफ्टमध्ये हे ओळखणारा रिले असतो, म्हणून ती शहाण्यासारखी जागेवर थांबते. या इमारतीतल्या पंख्याला तसा रिले नव्हता.

आणि इथे माझ्या पोटात गोळा आला. आग लागली की जिन्यात धूर शिरू नये म्हणून गच्चीवरचा एक पंखा जिन्यात हवा ढकलतो. आतला दाब थोडा जास्त राहतो, धूर दाराबाहेर थांबतो, माणसं खाली उतरतात. आगीच्या वेळी मुख्य वीज तोडली जाते, म्हणजे हा पंखा नेमका जनरेटरवरच चालायचा असतो.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींची परवानगी काढली. मेन स्विच पाडला, जनरेटर सुरू, पंखा सुरू. वास्तुशांतीतली उरलेली अगरबत्ती पेटवून जिन्याच्या किंचित उघड्या दाराशी धरली. धूर बाहेर लोटला जायला हवा होता. तो रेषेसारखा सरळ जिन्यात ओढला गेला. सेक्रेटरी बघतच राहिले. आग लागली असती तर त्या पंख्यानं मजल्यावरचा सगळा धूर जिन्यात खेचून आणला असता!

मग फाइल मागवली. बिल्डरनं सोसायटीला दिलेली जाडजूड फाइल, कुणी उघडलेली नव्हती. त्यात सगळं ओके. जनरेटर ओके, लिफ्ट ओके, पंखा ओके. तीन वेगळे कंत्राटदार, तीन वेगळ्या तारखा. जनरेटरची चाचणी झाली तेव्हा पंखा गच्चीवर चढलेलाच नव्हता. कुणी खोटं लिहिलेलं नाही, आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा. प्रत्येक यंत्र चालत होतं, इमारत चालत नव्हती. सगळं एकत्र जोडून, वीज घालवून बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

या कामाला कमिशनिंग म्हणतात. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे कमिशन खायचं काम का रे?" :-) धड मराठी शब्द नाही हे खरं. नौदलाकडे बघा म्हणजे अर्थ कळेल. 'विक्रांत' ऑगस्ट २०२१ मध्ये समुद्री चाचण्यांसाठी पहिल्यांदा बाहेर पडली आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली. मधलं वर्ष चाचण्यांत गेलं. आपण मात्र इमारतीच्या चाचण्या फीत कापायच्या आधीच्या आठवड्यात कोंबतो, जेव्हा रंगारी, फरशीवाले आणि मांडववाले सगळे एकाच वेळी आत असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हे काम शेवटी करायचं नसतंच, नकाशा कागदावर असताना ते सुरू होतं. आग लागली तर काय बंद होणार, काय सुरू होणार, कुठलं दार उघडणार, लिफ्ट कुठे येऊन थांबणार, याचा तक्ता तेव्हाच लिहायचा. पाइपची दाबाची चाचणी फॉल्स सीलिंग लागायच्या आधी घ्यायची. नंतर गळती सापडली तर सीलिंग कोण फोडणार? कुणीच नाही, रिपोर्टच फुटतो. पाइप धुऊन काढल्याशिवाय पंपाला जोडायचे नाहीत. आतून काय काय निघतं हे मी पाहिलंय: वाळू, वेल्डिंगचा कचरा, एकदा तर अख्खा हातमोजा. एसी जानेवारीत बसवला असेल तर मे महिन्यात परत यायचं. आणि हे सगळं तपासणारा माणूस कंत्राटदाराचा पगारी नको. अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या संस्थेनं २००५ साली याची मार्गदर्शिका काढली, तीही काम ठरवण्यापासून ते लोक राहायला आल्यानंतरपर्यंत जाते. म्हणजे मी काही नवीन सांगत नाहीये.

बिल्डर म्हणतात, वेळ कुठाय, खर्च कोण देणार. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं बघा. उद्घाटन ३ जून २०१२ ला ठरलेलं. महिनाही उरला नसताना ८ मे ला ते रद्द झालं, कारण धूर बाहेर काढणारी यंत्रणा पास होईना. दारं आपोआप उघडत नाहीत तर शेकडो माणसं उभी करून हातानं उघडू, असाही एक तोडगा निघाला होता. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. जर्मनांवर सगळं जग हसलं, मीही हसलो. आता वाटतं, निदान त्यांनी उघडला तरी नाही. आपल्याकडे शेकडो माणसांचा तो तोडगा मंजूर झाला असता, तोही पाहुणे निघाल्यावर.

दुसऱ्यांना बोल लावतोय, पण अशा सह्या मीही केल्यात. नोकरीची पहिली काही वर्षं. एका हॉस्पिटलच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री दोन वाजता, न तपासलेल्या पंख्यांच्या यादीवर "ओके, ओके" लिहीत बसलो होतो. साहेब म्हणाले, उद्यानंतर बघू. नंतर कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही. ते हॉस्पिटल अजून चालू आहे आणि त्यावरून जाताना मी मान वर करत नाही.

नव्या सोसायटीत राहणाऱ्यांना दोन गोष्टी माहीत असू द्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैत. ते नुसतं सहीसाठी येऊ देऊ नका, त्या दिवशी मेन पाडायला लावा. आणि रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचे असतात. पाच वर्षं कशी जातात कळत नाही.

भाच्याच्या विंगमधलं काम वीस मिनिटांत झालं. इलेक्ट्रिशियननं जनरेटरच्या पॅनलमध्ये दोन वायरी बदलल्या. लिफ्ट चालली. अगरबत्तीचा धूर दाराबाहेर आला. आत्याला फोन करून सांगितलं तर म्हणाली, मग आता हळदीकुंकवाला येईन.

बी विंगचा जनरेटर वेगळा आहे. त्यांचे सेक्रेटरी म्हणाले, गणपती होऊ द्या, मग बघू.