काळी, पांढरी आणि कल्लर

आज 5 डिसेंबर, जागतिक मृदा दिन. 2014 पासून संयुक्त राष्ट्रे हा दिवस पाळतात. आपल्याकडे आज माती परीक्षणाच्या पत्रिका वाटल्या जातील, भाषणे होतील आणि बहुतेक वक्ते मातीला आई म्हणतील. मातीला आई म्हटले की तिचा हिशेब मांडायची गरज उरत नाही, ही एक सोय आहेच. आम्ही आज हिशेबच मांडणार आहोत, तोही सिंधचा. हा प्रांत 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता आणि तिथल्या मातीचे भवितव्य ठरवणारा सर्वात मोठा निर्णय मुंबई सरकारनेच घेतला होता.

मराठी गावाला मातीचे दोन रंग ठाऊक असतात: पिकणारी ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. सिंधू खोऱ्यातली जमीन या दोन्हींत बसत नाही. ती करडी, किंचित तपकिरी. उन्हात धरली तर अभ्रकाचे बारीक कण चमकतात, कारण ती मुळात हिमालयाचा चुरा आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते. सिंधूचा पोयटा असे काही करत नाही. नदी काठ ओलांडून पसरली की आधी वाळू टाकते, मग पोयटा, आणि दूरच्या सखल भागात पाणी थांबले की चिकणमाती. म्हणून काठाची जमीन हलकी आणि उंच, आतली जड आणि खोलगट. नदी पात्र बदलत राहिल्यामुळे हेच थर एकावर एक चढले आहेत. एका खड्ड्यात वाळूचा पदर, त्याखाली पोयटा, त्याखाली वीतभर चिकण, पुन्हा वाळू असे सगळे सापडते. ती मधली चिकण पट्टी वरून दिसत नाही, पण पाणी तिथेच अडते.

माती म्हणून ही उदार आहे. अभ्रकामुळे पालाश भरपूर. चुनाही भरपूर, त्यामुळे सामू आठाच्या वर, आणि स्फुरद व जस्त असूनही पिकाच्या हाती लागत नाही. सेंद्रिय अंश मात्र नावापुरता. उत्तर सिंधमधल्या जेकबाबादचा पारा 50 अंशांवर जातो, तिथे पालापाचोळा कुजून टिकणार कसा? त्याच जेकबाबादला वर्षाचा पाऊस साधारण 100 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडची एक बरी सर. हवा शोषून घेऊ शकते ते पाणी याच्या वीस पटींहून जास्त.

सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. गोड्यातले गोडे कालव्याचे पाणीही शुद्ध नसते. लिटरला 200 मिलिग्रॅम क्षार धरा, हे चांगले पाणी झाले. एका हेक्टरवर वर्षाला मीटरभर उंचीचे असे पाणी दिले की दोन टन क्षार शेतात आले. पाणी वाफ होऊन जाते. क्षार कुठे जातात? पाऊस त्यांना धुऊन खाली नेण्याइतका नाही. त्यात पोयट्याची बारीक छिद्रे कंदिलाच्या वातीसारखी काम करतात: भूजल दीड-दोन मीटरपर्यंत वर आले की पाणी आपोआप वर चढते, उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जाते. सिंधीत या पांढऱ्या पडलेल्या जमिनीला कल्लर म्हणतात. पुढचा टप्पा याहून वाईट. मातीच्या कणांवरचे कॅल्शियम हटून तिथे सोडियम बसतो, चिकणमाती विरघळल्यासारखी पसरते, छिद्रे बुजतात. मग वर पाणी उभे आणि खाली मूळ तहानलेले. आपला शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो, पाणी साचून बिघडली तर चिबड. शब्द आपल्याकडे तयार आहेत, ते उगाच आलेले नाहीत.

पूर्वी पुराच्या कालव्यांना फक्त उन्हाळा-पावसाळ्यात पाणी असे. नदी उतरली की कालवा कोरडा, भूजल पुन्हा खाली. जमिनीला सक्तीचा उपास घडे. 1923 मध्ये सक्कर येथे सिंधूवर बंधाऱ्याचे काम सुरू झाले आणि जानेवारी 1932 मध्ये लॉइड बराज खुला झाला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. सात कालवे, सुमारे 30 लाख हेक्टर लाभक्षेत्र. त्याने गहू आणि कापूस दिला, लाखोंना पोसले. त्याला खलनायक ठरवणे सोपे आणि खोटे आहे. पण बहुतेक कालवे बारमाही झाले आणि उपास संपला.

बारमाही पाण्याने जमीन खारावते हे कुणाला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच नीरेकाठच्या जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी 1910 मध्ये त्यांवर पुस्तिका लिहिली, ती याच मुंबई सरकारच्या कृषी खात्याने छापली. म्हणजे सक्करची पहिली कुदळ पडली तेव्हा निचऱ्याचा धडा सरकारच्या कपाटात 13 वर्षे पडून होता. सिंधमध्ये निचऱ्याची मोठी कामे मात्र 1960 नंतरच आली.

ती आली तेव्हाही भूगोल आडवा आला. सिंधमध्ये सिंधू स्वतःच्या गाळावर चढून वाहते, आजूबाजूचे मैदान तिच्यापेक्षा खाली आहे. कालव्याला हे वरदान, पाणी उताराने शेतात जाते. चराला तोच शाप, कारण शेतातले खारे पाणी नदीकडे चढणार नाही. म्हणून डाव्या तीराचा निचरा थेट समुद्रापर्यंत न्यावा लागला. 1999 च्या चक्रीवादळात त्याचे समुद्राकडचे टोक फुटले आणि बदीनच्या बाजूला समुद्रच आत शिरू लागला. 2022 च्या महापुरानंतर दादू, सांघड या जिल्ह्यांत पाणी महिनोन्‌महिने उभे राहिले, रब्बीची पेरणी हुकली. पाणी आणायला सात वाटा आणि परत जायला एकही सरळ नाही.

उजव्या तीरावर लारकाना भागात भात होतो. भाताचे उभे पाणी क्षार खाली दाबते, त्या शेतापुरते चांगलेच. पण भूजल वाढते ते शेजाऱ्याच्याही जमिनीखाली. या शेजाऱ्यांत एक फार जुने गाव आहे, मोहेंजोदडो. आपल्या भाषेत सांगायचे तर ती एक पांढरी आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. 1922 पासून तिथे उत्खनन झाले, पण तळाच्या थरांपर्यंत ते पोहोचले नाही, ते थर पाण्याखाली आहेत. वर आलेल्या भिंतींना लोणा लागतो. ओलावा विटेत चढतो, सुकतो, मीठ फुगते आणि वीट पिठासारखी गळते. तिथले कामगार भिंतींवर ओल्या मातीचा लेप देतात. मीठ विटेतून लेपात येते. लेप खरवडून टाकतात आणि नवा चढवतात. त्यासाठीची माती मात्र कमी क्षाराची लागते, म्हणून ती पारखून आणावी लागते.