सुभाषित वगळून उरलेले पत्र

सेनेकाच्या पत्रांतली वाक्ये वेचून सुभाषितांसारखी वापरण्याची प्रथा जुनी आहे. मृत्यू, काळ, क्रोध, मैत्री. ज्याला जे हवे ते तिथे सापडते. ‘कालातीत शहाणपण’ असा शिक्का त्यांवर बसतो आणि हे कोणी तरी कोणाला तरी लिहिले होते, एवढी साधी गोष्ट नजरेआड होते. आम्ही शिकवणारेही या दोषातून मुक्त नाही.

ल्युसिलियसला लिहिलेल्या १२४ पत्रांपैकी ६३वे पाहावे. ल्युसिलियसचा मित्र फ्लाकस वारला आहे. अश्रू यावेत, पण त्यांना मर्यादा असावी, असे सेनेका समजावतो. वेचे काढणारा इथे थांबतो. पत्र थांबत नाही. अनेयस सेरेनस गेला तेव्हा आपण स्वतःच बेसुमार रडलो, अशी कबुली पुढे येते. सेरेनस वयाने पुष्कळ लहान. तो आपल्याआधी जाईल, हे मनातच आले नव्हते! (ही पत्रे प्रकाशनासाठीच रचली होती, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर ही कबुली ठेवणे अधिकच बोलके.) ती गाळली की उरतो उपदेश, आणि त्याची टंचाई कोणत्याच भाषेत नाही.

सिसेरोकडे तर उपदेश उघडपणे हरतो. इ.स.पू. ४५मध्ये त्याची मुलगी टुलिया वारली. सर्व्हियस सल्पिशियसने अथेन्सहून सांत्वनपत्र धाडले: एजिना, मेगारा, पिरेयस, कॉरिंथ ही एके काळची वैभवशाली नगरे समुद्रावरून भग्न दिसली, नगरांची ही गत, तर एका मर्त्य देहाचा शोक किती करावा? युक्तिवाद देखणा आहे. सिसेरोने आभार मानले आणि आपली अडचण सांगितली: पूर्वी ज्यांची मुले गेली त्यांना सार्वजनिक कार्याचा आधार होता, सीझरच्या सत्तेत आपला तोही गेला, आता घरी विसावा नाही आणि बाहेरही नाही. अ‍ॅटिकसला तो कळवतो की, शोकावरचे सारे ग्रंथ वाचून झाले, दुःख मात्र त्यांना पुरून उरले. मग मुलीच्या स्मृतिमंदिरासाठी जागेचा ध्यास. कोणती बाग, मालक कोण, पैसा कुठून, याचीच पत्रांमागून पत्रे. त्यांत वहीत उतरवावे असे फारसे काही नाही. वर्गात वाचायची तर आम्ही हीच निवडू.

१३४५ साली व्हेरोनात ही पत्रे पेट्रार्कच्या हाती लागली. तत्त्वज्ञाऐवजी भांडणांत आणि राजकारणात गुंतलेला माणूस भेटल्याने तो इतका व्यथित झाला की, जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोला त्याने जाब विचारणारे पत्रच लिहिले.