बसायचंय म्हणून गोळी चुकवताय?



गटारी तोंडावर आली. आज अळीचं नाही, तांबेऱ्याचं नाही, आज कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल लिहितोय. पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच जणांच्या खिशात ती स्ट्रिप असते. अॅटोरवास्टॅटिन, नाहीतर रोसुवास्टॅटिन. गोळी बहुतेकांना रात्री जेवल्यावर सांगितलेली, आणि आपली बैठकही रात्रीचीच. मग ठरलेलं वाक्य कानावर येतं, "आज बसायचंय, गोळी उद्या घेतो."

हे वाक्य उलटं आहे, असं माझं मत. चुकवायचीच असेल तर बैठक चुकवा. ज्याला स्टेंट टाकलाय त्याच्यासाठी तर हा जिवाशी खेळ आहे.

लोक असं का करतात तेही कळतं. दारू सोडवायची जी गोळी असते, डायसल्फिराम, तिच्यावर दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते. गावात हे बघितलेलं असतं. तीच भीती या गोळीलाही लावली जाते. पण हिचं तसं नाही. एका रात्री दोन्ही पोटात गेलं म्हणून लगेच असला दणका बसत नाही. आणि आजची गोळी चुकवली म्हणून कालची अंगातून जातही नाही. रोसुवास्टॅटिन रक्तातून निम्मं उतरायलाच साधारण 19 तास लागतात. म्हणजे चुकवून राखलं काय? काहीच नाही. गेलं मात्र बरंच. आठवड्यातून दोनदा बसणारा वर्षाला 104 गोळ्या सोडतो. त्यात जत्रा, लग्नसराई, निवडणूक आली की सलग आठवडा जातो, मग स्ट्रिप फळीवरच राहते. पूर्ण बंद झाली की काही आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल पुन्हा मूळ जागी येतं.

मग दोन्ही बिनधास्त चालतं का? तेही नाही, कारण दोन्हीचा मुक्काम एकाच घरी आहे, लिव्हरमध्ये. कृषीवाल्या मित्रांना एक गंमत सांगतो. ही गोळी मुळात बुरशीची देणगी. अकिरा एन्डो नावाचा जपानी शास्त्रज्ञ, शेतकऱ्याच्या घरातला. 1970 च्या दशकात त्यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत या जातीचं पहिलं औषध सापडलं. ती बुरशी तांदळावरची होती! आजच्या गोळ्या कारखान्यात बनतात, पण काम तेच, लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवायची. दारू फोडायचं कामही त्याच लिव्हरचं. लिव्हर आधीच सुजलेलं असेल आणि वरून रोजची दारू असेल तर डॉक्टर सावध होतात. म्हणून तर एसजीपीटी करायला सांगतात.

डॉक्टरनं विचारलं, "घेता का?" तर आपलं उत्तर, "थोडी, कधीतरी."

इथं मला राग येतो. अहो, पंपात औषध टाकताना आपण लिटरला दोन मिली की अडीच यावरून दुकानदाराशी हुज्जत घालतो. माप टोपणाने नाही, मापट्यानं घेतो. आणि दारूचं माप "थोडी"? हिशोब करा. क्वार्टर म्हणजे 180 मिली, बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं. त्यात निव्वळ अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा जास्त घेण्याला जड पिणंच म्हणते. म्हणजे आपली "थोडी" तिथंच संपली. बियर हलकी वाटते, पण 650 मिलीच्या 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत 40 ग्रॅम असतंच. हातभट्टीचा तर हिशोबच नको, तिच्यात काय आहे ते काढणाऱ्यालाही माहीत नसतं. "थोडी चालेल" असं कुठल्या डॉक्टरनं म्हटलं असेल तर त्याच्या डोक्यातली थोडी आणि आपली थोडी एक नाही. आकडा सांगा. लाज कसली त्यात?

रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स नावाची एक ओळ असते, तीही बघा. दारूनं ती वाढते, आणि ही गोळी तिच्यावर तितकी चालत नाही, तिचा मुख्य मारा वाईट कोलेस्टेरॉलवर. "गोळी चालू आहे तरी रिपोर्ट खराब" असं म्हणणाऱ्यांनी गोळीला नावं ठेवण्याआधी क्वार्टर आणि चखणा आठवावा. दोष निम्मा तिकडं असू शकतो.

स्टेंटवाल्यांसाठी वेगळं. तुमच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा एकटी कोलेस्टेरॉलची गोळी नसते, सोबत अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही असतं, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं. त्यावर दारू पडली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौच डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हीच कॅप्सूल बैठकीसाठी चुकवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. दोन्हीकडून मरण. यांना माझा सल्ला एकच, दारू नको.

रात्री गोळी राहूनच जाते म्हणणाऱ्यांना एक सोपी वाट आहे. अॅटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही घेतलेली चालते, वेळ रोज एक ठेवायची. सकाळच्या चहाबरोबर लावून द्या म्हणून डॉक्टरला विचारा. कॅप्सूल असेल तर तेही विचारूनच, मनानं नको.

आता शेवटचं, अंगदुखीचं. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फिरल्यावर अंग दुखणारच, पण ते दोन दिवसांत उतरतं. या गोळीनं काहींना दोन्ही मांड्या, पिंढऱ्या, खांदे दुखतात. काम नसलेल्या दिवशीही दुखतात, जिना चढताना पाय उचलत नाही. असं झालं तर मेडिकलमधून दुखायची गोळी आणून गिळू नका, डॉक्टरला सांगा, ते सीपीके तपासतील. स्नायू फार खराब होण्याचा प्रकार क्वचितच होतो, पण जास्त पिणाऱ्यात धोका जास्त. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद आली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. सोबत स्ट्रिप न्या, आणि किती घेतली होती ते मिलीत सांगा.